काडतूस बसलं, आणि फटकाही

72,000 रुपये. बर्मिंगहॅमची जुनी दुनळी, बाराबोर. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, त्यामुळे लोकांनी काढून टाकलेल्या बंदुका दुकानांत येऊन पडल्यात. मला वाटलं, स्वस्तात मिळतेय.

मी नवखा नाही. वडिलांपासून घरात बंदूक आहे. तरी "चेंबर (नळीतली काडतुसाची खोबण) 70 मिमीचं ना?" विचारल्यावर दुकानदारानं माझ्यासमोर 70 चं काडतूस नळीत सोडलं, खट्‌कन बंदूक मिटवली. "बघा दादा, बसलं की नाही?"

बसणारच! तोंड मुडपलेलं काडतूस जेमतेम 58-60 मिमी भरतं. 70 ही बार उडाल्यावर उघडलेल्या पुंगळीची लांबी. 65 च्या चेंबरमध्येही ते मजेत मावतं. उडाल्यावर मात्र तोंड उघडायला जागा नसते आणि दाब चढतो. हे मला माहीत होतं हो! चेंबरचं खरं माप नळ्यांच्या बुडावर, लाकडाआड ठोकलेलं असतं. म्हणून "नळ्या सुट्या करून दाखवा" म्हणालो, तर "पुढचं लाकूड घट्ट आहे, उगाच ओरखडा जाईल." तिथेच उठायला हवं होतं. ओरखडा म्हणे!

वर 36 ग्रॅम छऱ्यांची 25 काडतुसं 2,750 ला गळ्यात मारली. रेंजवर चार बार काढले. खांदा सुजला, रिकाम्या पुंगळ्यांची तोंडं चिंध्यांसारखी फाटलेली. कारागिरानं (750 रुपये) दोन मिनिटांत लाकूड काढलं. नळ्यांच्या चपट्या बुडावर स्वच्छ ठसे: 2½ इंच (म्हणजे 65 मिमीचं चेंबर), 1⅛ औंस. म्हणजे 1925 ते 54 मधलं प्रूफ (नळीची सरकारमान्य दाबचाचणी), जास्तीत जास्त 32 ग्रॅम छऱ्यांचा बार. डाव्या नळीला फुगवटा. आधीचा की माझा, देव जाणे. लाकूड काढू देत नसेल तर पैसे काढू नका.

ठाण्यात विचारलं, "फुटली का? मग फसवणूक कसली?" फसवणुकीचं कलम 420 चं आता 318 झालंय, हे मात्र हवालदारसाहेबांनी आवर्जून शिकवलं. अर्ज घेतला नाही. परवाना शाखेत तीन खेपा: साहेब मीटिंगला, साहेब निवडणुकीच्या कामात, आणि शेवटी "आम्ही फक्त नंबर जुळतो का बघतो." नंबर जुळतो! नळी फाटून बोटं गेली असती तरी नंबर जुळलाच असता.

पावतीवर चेंबरची लांबी लिहून घ्या. माझ्या पावतीवर "आहे त्या स्थितीत" आहे, आणि ते मी घरी येऊन वाचलं. कुणी "चेंबर नंतर वाढवून घेतलंय" म्हणालं, तर त्यानंतरच्या प्रूफचा ठसा दाखवायला सांगा.

एकूण 75,500. उरलेली 21 काडतुसंसुद्धा तो परत घेत नाहीये.