मीठ की कातळ: सौर उष्णता साठवायची कशात?

राजस्थानातल्या एका छोट्या सौर औष्णिक प्रकल्पासाठी उष्णता साठवण्याची टाकी रबाळ्यात बनवून न्यायची, तर आत वितळलेलं मीठ घ्यावं की दगड, हे विचारायला दोन तरुण इंजिनिअर आमच्या शेडवर आले होते. वहीत दोन्हींच्या विशिष्ट उष्मेचे (एक किलो एक अंशाने तापवायला लागणाऱ्या उष्णतेचे) आकडे नीट मांडलेले. इन्सुलेशनपुढे मात्र नुसतं ‘३०० मिमी’. मला वाटतं, निवडीची सुरुवात त्या शेवटच्या ओळीपासून करायला हवी.

हे मीठ म्हणजे ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट. थंड टाकीत २९० अंश सेल्सिअस, गरम टाकीत ५६५. पंपाने खेळवता येतं आणि टाकी रिकामी होईपर्यंत उष्णता एकाच तापमानाला मिळते, हा त्याचा फार मोठा गुण. स्पेनमधला हेमासोलार प्रकल्प २०११ मध्ये सुरू झाला तो १५ तासांच्या अशाच साठवणीवर. पण २४० अंशांच्या आसपास मीठ गोठू लागतं. म्हणून प्रत्येक पाइपला, प्रत्येक व्हॉल्व्हला हीट ट्रेसिंग, म्हणजे गुंडाळलेली तापती वायर, लागतं आणि ऊन नसलेल्या आठवड्यातही मीठ गरम राखावं लागतं. गरम टाकीला स्टेनलेस स्टीलशिवाय पर्याय नाही. नेवाडातल्या क्रेसेंट ड्यून्सची गरम टाकी २०१६ मध्ये गळली, तर तो प्रकल्प कित्येक महिने बंद होता. छोट्या प्रकल्पाला एवढी सुट्टी परवडत नाही.

आता कातळ. पाच-सहा सेंटिमीटरची बेसाल्टची खडी भरायची, पंख्याने तिच्यातून गरम हवा ढकलायची. गोठायची भीती नाही, गळायला काही नाही. हॅम्बुर्गमध्ये २०१९ साली १,००० टन ज्वालामुखीय दगड ७५० अंशांपर्यंत तापवणारी साठवण उभी राहिली. ती उष्णता विजेतून आलेली होती, पण दगडाला त्याने काही फरक पडत नाही. उणिवाही आहेत. पंखा वीज खातो, आणि साठा संपत आला की बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान उतरत जातं. शिवाय टाकी तापून फुगली की खडी खाली बसते आणि निवताना भिंतीला आतून रेटते. म्हणून भिंती वर रुंदावणाऱ्या, उतरत्या ठेवा.

खडी घेताना क्रशरवर उभं राहून दहा-बारा दगड हातोडीने फोडून बघा. आत पांढरे डोळे दिसले तर तो माल नको. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत बऱ्याचदा झिओलाइट असतं. तापल्यावर ते पाणी सोडतं आणि दगड तडकतो. घट्ट, काळा, फोडताना खणखणणारा दगड घ्या.

खरा फरक इन्सुलेशनच्या जागेत आहे. मिठाच्या टाकीत पत्रा स्वतः तापतो आणि रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) बाहेरून गुंडाळतात. दगडाच्या टाकीत सिरॅमिक ब्लँकेट (उष्णतारोधक तंतूंची गादी) आणि इन्सुलेटिंग विटा आतून लावता येतात, त्यामुळे बाहेरचा पत्रा थंड राहतो आणि साधं एमएस (माइल्ड स्टील) चालतं. छोट्या बजेटला सगळ्यात मोठी बचत इथेच होते.

आकाराचं गणितही करून बघा. आत २ मीटरचा घन, ४० सेंटिमीटर ब्लँकेट, आत-बाहेर ५०० अंशांचा फरक: दर चौरस मीटरला सुमारे १२५ वॅट, म्हणजे दिवसाला ७२ युनिट गळती. आत खडीचा साठा साधारण १,३५० युनिटचा. म्हणजे रोज पाच टक्के गेले. तोच घन ४ मीटरचा केला की साठा आठपट, गळती चौपट; टक्केवारी निम्म्यावर येते. टाकीचे पाय, नोझल (पाइप जोडायची तोंडं), थर्मोकपलची (तापमान मोजायच्या तारांची) भोकं यातून जाणारी उष्णता यात धरलेलीच नाही, आणि छोट्या टाकीत तीच जास्त छळते.

त्या दोघांना मी कातळच सुचवला. पन्नास मेगावॅटचं काम असतं आणि टर्बाइनला शेवटपर्यंत एकसारखी वाफ हवी असती, तर मीठच म्हटलं असतं. अबू रोडच्या ‘इंडिया वन’ या सौर औष्णिक प्रकल्पाने तिसरी वाट धरली आहे, ओतीव लोखंडाचे गोळे तापवायची, पण तिथे प्रत्येक आरशाला स्वतःचा गोळा आहे, ती रचना वेगळी.

काम पावसाळ्यात निघालं तर ब्लँकेटचे रोल दारापासून लांब, फळ्यांवर ठेवा. मागे आमचे दोन रात्री झडीत भिजले आणि पहिल्याच तापवणीत पत्र्याच्या खालच्या जोडातून पाणी टपटपायला लागलं. तेव्हापासून आम्ही ११० अंशांवर थांबतो, जोडाशी आरसा धरतो, आणि त्यावर वाफ धरेनाशी झाली की मगच पुढे तापवतो.