चिल्लर, क्लिकर आणि कमरेची पिशवी

बत्तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो, त्यातली शेवटची अकरा चिपळूण डेपोला. निवृत्त झालो तरी सकाळी स्टँडवर चहाला जायची खोड गेली नाही. तिथेच जूनच्या अखेरीला, उपाहारगृहाच्या मागच्या पन्हळीखाली ही इवलीशी कुत्री सापडली. चिंब भिजलेली, ओंजळीत मावेल एवढी, रंगाने जुन्या कमळवाल्या पितळी वीस पैशांसारखी. म्हणून नाव चिल्लर. डॉक्टरांनी दात बघून दीड महिन्याची ठरवली.

पुण्याच्या मुलीने ऑनलाइन एक संच पाठवला, पिल्लाला शिकवायचा. किंमत 749 रुपये. आत एक क्लिकर, कमरेला लावायची खाऊची पिशवी, चिकनच्या वासाची बिस्किटं, सुती दोरीचं खेळणं आणि दाबलं की चीं करणारं रबरी हाड. माहितीपत्रक इंग्रजी आणि हिंदीत, मराठीचा पत्ता नाही. अडीच महिने वापरून लिहितोय, कारण ऑनलाइन दुकानातली निम्मी मतं 'पॅकिंग छान आहे, अजून वापरलं नाही' अशी असतात.

आधी क्लिकर. अंगठ्याएवढी प्लास्टिकची डबी, आत पोलादी पातं, दाबलं की 'टक'. मी हातात घेतला आणि हसूच आलं. हा तर माझा तिकिटाचा पंच! मशीन यायच्या आधी दिवसभर अंगठ्याखाली हाच आवाज असायचा. नात आठवीत आहे, तिने पत्रक वाचून नियम सांगितला: पिल्लाने हवं ते केलं की त्याच क्षणी टक, आणि मग खाऊ. मी म्हटलं, बाळा, हे मला नको शिकवू. पंच मारला म्हणजे तिकीट पक्कं. चुकून मारला तरी प्रवाशाला जागा द्यावीच लागते. चिल्लरच्या बाबतीतही तसंच आहे. चुकून टक वाजलं तरी खाऊ द्यायचा, नाहीतर त्या आवाजाची पत जाते.

पत्रकात पावलोवचंही नाव आहे. हा रशियन शास्त्रज्ञ पचनावर काम करत होता, त्याचं 1904चं नोबेलही पचनासाठीच. कुत्र्यांना अन्न मिळणार याची खूण कळली की ते समोर यायच्या आधीच लाळ सुटते, हे त्याने दाखवलं. खरं तर घाटातून उतरताना हॉटेलचा बोर्ड दिसला की अख्ख्या गाडीची तीच गत व्हायची.

पण क्लिकरमध्ये दोन गोष्टी खटकल्या. एक, आवाज फार मोठा आहे. पहिल्याच 'टक'ला चिल्लर कॉटखाली गेली ती संध्याकाळी जेवायलाच बाहेर आली. मग आठवडाभर क्लिकर पायमोज्यात गुंडाळून वाजवला. विकणाऱ्यांनी हे पत्रकात पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. दुसरी खोट माझ्या अंगठ्याची. त्याला दोनदा दाबायची सवय. नात ओरडायची, "आबा, एकदाच! तिला काय कळणार?" शेवटी तोड अशी निघाली की क्लिक एकच, आणि 'झालं, आता मोकळी' हे सांगायला तोंडाने 'डबल'. डबल बेल दिली की गाडी सुटते, तशी चिल्लर 'डबल' ऐकून सुटते. 'बस' म्हटलं की बसते. एस.टी.वाल्याच्या घरात याहून सोयीचा शब्द कुठला मिळायचा!

पिशवी मात्र निराशा. कापड बरं आहे, तोंडाला चुंबक आहे, एका हाताने उघडते. पण पट्ट्याची प्लास्टिकची क्लिप नवव्या दिवशी तुटली. आमची कातडी बॅग चिल्लरच्या (नाण्यांच्या, हिच्या नव्हे) वजनाने वर्षानुवर्षं खांद्यावर लोंबायची, तिची शिवणसुद्धा उसवली नाही. इथे पन्नास ग्रॅम खाऊ पेलवत नाही. मी क्लिप काढून टाकली, दोन पितळी कड्या शिवून घेतल्या. मोच्याने तीस रुपये घेतले, ते या किमतीत धरा.

आता बिस्किटं. पाकिटावरचं चित्र बघून मलाच भूक लागली होती. पण एक तर ती आकाराने सुपारीएवढी. पिल्लाला एका वेळी हरभऱ्याच्या डाळीएवढा घास पुरतो. मोठा दिला की ते चावत बसतं आणि तोवर आपण काय शिकवत होतो ते दोघंही विसरतात. शिवाय चार-पाच बिस्किटांत तिचं पोट भरायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं की असला वरखाऊ दिवसभराच्या अन्नाच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे जाऊ द्यायचा नाही. आणि कोकणातल्या पावसात उघडं पाकीट किती टिकणार? सहाव्या दिवशी बुरशी.

मग मी आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, डब्याकडे वळलो. मे महिन्यात भरून ठेवलेले सुके बोंबील आणि जवळा. बोंबील उन्हात नुसते वाळवतात, मीठ लावत नाहीत, त्यामुळे ते पिल्लाला चालतात. खारा बांगडा मात्र मिठात मुरलेला, तो देऊ नका. डॉक्टरांना विचारून, मधला काटा काढून, कात्रीने बारीक तुकडे केले. पहिला तुकडा दिला आणि चिल्लरच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फक्त पगारवाढीच्या दिवशी डेपोत बघितलंय. 'बस' तीन दिवसांत आलं. हाक मारल्यावर येणं आठवड्यात आलं, आणि माझ्याच चुकीने गेलं: एकदा 'ये' म्हणून बोलावलं आणि सरळ आंघोळीच्या बादलीत बसवलं. पुढचे दोन दिवस 'ये' म्हटलं की ती अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. तेव्हापासून आंघोळीला उचलून नेतो, बोलावत नाही.

बोंबलाची एकच अडचण, आमची ही. पिशवीला असा वास सुटला की तिने हुकूम काढला, पिशवी घरात नाही, पडवीतल्या खिळ्याला. वर श्रावणापासून गौरीच्या तिखट्या (सामिष) सणापर्यंत आमच्याकडे मासळी बंद, ती कुत्रीलाही. मग पनीर आणि उकडलेलं रताळं. पनीरवर काम चाललं. रताळं म्हणजे तिच्या लेखी सवलतीचं तिकीट, घेते पण उपकार केल्यासारखं.

शिकल्यावर दर वेळी खाऊ द्यायचा नाही, कधी पहिल्याला, कधी चौथ्याला, असं पत्रक सांगतं. नातीला हे पटेना, म्हणाली ही फसवणूक आहे. मी म्हटलं, लाइन चेकिंगवाले रोज यायचे का? कधी येतील नेम नसायचा, म्हणूनच हिशेब चोख राहायचा.

खेळण्यांबद्दल थोडक्यात: रबरी हाड वीस मिनिटांत फाडलं आणि आतली शिट्टी मी जबड्यात बोट घालून काढली. दुधाचे दात सुईसारखे असतात, हे बोटाला कळलं. दोरीचं खेळणं बरं, पण त्याचे धागे सुटतात आणि पोटात गेले तर आतड्यात अडकतात, त्यामुळे खेळ संपला की उचलून ठेवायचं. त्यापेक्षा जुन्या लुंगीची घट्ट वेणी घातली, ती दोरीने बांबूला बांधली आणि अंगणात जमिनीलगत फिरवली. त्यामागे ती अशी धावते की जेवण झाल्यावर, जेव्हा बोंबलालाही किंमत नसते, तेव्हा हेच बक्षीस. एकदा 'बस', मग टक, मग वेणी. पकडली की थोडी ओढाताण, मग 'सोड', सोडली की पुन्हा पळवायची. पाच मिनिटांत बंद करायचं. त्यापुढे ती माझी लुंगी पकडते, अंगावरची.

'सोड'चा उपयोग गणपतीत झाला. आरतीनंतर पंचखाद्याची वाटी लवंडली. खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर, आणि पाचवा ख म्हणजे खिसमिस. द्राक्षं-बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक, आणि किती खाल्ले तर बाधतील याचा नेम नाही. आम्ही वळेपर्यंत चिल्लरच्या तोंडात काहीतरी होतं. सगळे ओरडायला लागले, तशी तिने दात आणखी आवळले. मी खाली बसलो, पनीर पुढे केलं, हळू म्हटलं, "सोड." तिने माझ्याकडे पाहिलं, पनीरकडे पाहिलं, आणि सोडलं. खोबऱ्याचा तुकडा निघाला. बेदाणे चटईवर होते तिथेच, नातीने एकेक वेचून मोजून दाखवले.

तर क्लिकरला पाचपैकी साडेचार, दोरीला अडीच, बिस्किटांना एक, हाडाला शून्य. पिशवीला कड्या लावायच्या आधी दीड, आता चार. क्लिकर एकटा मिळत असेल तर तेवढाच घ्या, बाकीचं सुक्या मासळीच्या बाजारातून आणा. आणि पिशवी पुन्हा बनवाल तर कातडी करा, खाकी रंगाची चालेल. मी सकाळी खिळ्यावरून ती काढतो तेव्हा चिल्लर काही सांगायच्या आत दाराशी बसलेली असते, आणि आतून ही विचारते, "अहो, आज कुठल्या रूटला?"