कूलर चालू असताना कोणता खेळ: 'सामोरोस्त ३' की 'द पास्ट विदिन'?

विचित्र, स्वप्नात पडल्यासारखे कोड्यांचे खेळ आवडतात आणि या सुट्टीत त्यातला एकच विकत घ्यायचाय, असं कुणी विचारलं की मी दोन नावं सांगतो. एक चेक प्रजासत्ताकातल्या अमानिता डिझाइनचा 'सामोरोस्त ३', दुसरा ॲमस्टरडॅमच्या रस्टी लेकचा 'द पास्ट विदिन'. दोन्ही माझ्याकडे आहेत. कोणता घ्यावा, हे तुम्ही लातुरात राहता की महाबळेश्वरात, यावर थोडं अवलंबून आहे. चेष्टा करत नाही.

झाडाच्या ज्या वेड्यावाकड्या मुळात बघणाऱ्याला एखादा प्राणी दिसतो, त्याला चेक भाषेत सामोरोस्त म्हणतात. खेळाची सगळी दुनिया तशीच आहे: शेवाळ, बुंधे, किडे. एका पांढऱ्या बुटक्याच्या दारात आभाळातून तुतारी पडते आणि ती कुणाची, हे शोधायला तो निघतो. नऊ जगं आहेत, आणि वाचायला एक शब्द नाही. तुतारी कानाला लावून झाडाचं, किड्याचं गाणं ऐकायचं, मग तेच वाजवून दाखवायचं. अडलात तर मदतीचं पुस्तक आहे, पण त्यालाही कुलूप. ते उघडायला आणखी एक कोडं. मला हा खवचटपणा आवडतो.

हा खेळ संगणकावर आला मार्च २०१६ मध्ये. त्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येऊ लागलं होतं. प्यायला पाणी नाही तिथं कूलरमध्ये कोण ओतणार? आमचा पत्र्याचा कूलर त्या उन्हाळ्यात कोरडाच उभा होता, त्यावर धुणं वाळत घातलेलं असायचं. दुपारी सगळे घामानं निथळत पडलेले, घरात चिटपाखराचा आवाज नाही, आणि मी लॅपटॉपवर ओला टॉवेल खांद्यावर टाकून सामोरोस्त खेळतोय. कोळी चालला तरी ऐकू यावं अशी शांतता. इतका तल्लीन होऊन मी दुसरा कुठलाच खेळ खेळलेलो नाही.

पुढं पाऊसपाणी बरं झालं, कूलर सुरू झाला, आणि माझी पंचाईत झाली. मध्ये एकदा भाच्याला दाखवावा म्हणून मे महिन्यात हाच खेळ पुन्हा लावला. कूलरची घरघर, पंपाची टपटप, वर एक पातं कुठंतरी घासतंय त्याचा ठेका. खेळात तीन किडे तीन सुरांत गातात, आम्हाला तिन्ही सारखेच. आवाज वाढवला तर म्हातारी उठते. कूलर बंद केला तर पाच मिनिटांत भाचा पळतो. हेडफोन लावले तर एकानंच खेळायचं, आणि बेचाळीस अंशांत कानाची इडली होते ती वेगळीच. गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत आमच्याकडं कूलर थांबत नाही, आणि सुट्टी नेमकी त्याच काळात. रात्री गच्चीवर नेऊन खेळता येतो हे मान्य. पण गच्चीवर मी झोपतो.

'द पास्ट विदिन' २०२२ मध्ये आला. तो एकट्याला खेळताच येत नाही. दोघांनी आपापल्या फोनवर घ्यायचा, म्हणजे खर्च दोनदा, हे आधीच सांगून ठेवतो. एक जण भूतकाळात, दुसरा भविष्यात. दोन फोन एकमेकांशी जोडलेले नसतात, त्यामुळं नेटची रड नाही. एकाला दिसतं ते दुसऱ्याला तोंडानं सांगायचं, बस. एकमेकांच्या पडद्यात डोकवायचं नाही.

मी मधल्या खोलीत, बायको स्वयंपाकघरात, मध्ये तोच कूलर. ती ओरडते, "अहो, बिब्ब्यासारखं कायतरी दिसायलंय, खाली दोन रेघा!" मला ऐकू येतं तीन. मी तीन लावतो, काही होत नाही. मी म्हणतो, "काय?" ती म्हणते, "दोन, दोन! हिकडून कितीदा वरडू?" आणि कुलूप उघडतं. माझ्यापुरता निकाल इथंच लागला. माणसाला 'काय?' म्हणता येतं, ते पुन्हा सांगतं, जरा चिडून सांगतं. सामोरोस्तमधल्या किड्याला जरा मोठ्यानं गा म्हणून कसं सांगणार?

रस्टी लेकचा स्वभाव मात्र काळोखा आहे. मेलेली माणसं, रक्त, अंगावर काटा आणणाऱ्या वस्तू. लहान पोरांना देऊ नका, भाच्याला मी दिला नाही. खेळ आटोपशीर आहे; दोनेक तासांत संपतो, ज्याला पैसे वसूल करायचेत त्याला हे खटकेल. देखणेपणात तो सामोरोस्तच्या जवळपासही नाही, हे मी त्याचाच पक्ष घेत असताना सांगतोय. तुम्ही एकटे राहत असाल, किंवा खेळ दिवाळीनंतर सुरू करणार असाल, तर बेलाशक सामोरोस्त घ्या. एसीवाल्यांनीही तोच घ्यावा, त्यांना माझा सल्ला लागूच नाही.

बाकीच्यांनी आधी घरात एक जोडीदार बघावा. खेळांची आवड नसलेला असला तरी चालेल, उलट बराच. बायकोनं याआधी फोनवर पत्त्यांशिवाय काही खेळलं नव्हतं, पण वस्तूचं वर्णन तिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. मी 'त्रिकोणासारखं' म्हणतो तिथं ती 'करंजीची मोडलेली कड' म्हणते, आणि ते लगेच सापडतं.

एकदा संपला की बाजू बदलून पुन्हा खेळता येतो, उत्तरंही बदलतात. त्यामुळं सध्या ती मधल्या खोलीत कूलरपुढं भविष्यात बसलीय, आणि मी भूतकाळात, गॅसच्या ओट्यापाशी, तिचा आवाज येतो का बघत.