दहा राग, एक डिस्को ठेका: चरणजित सिंग यांचा 1982 चा अल्बम

हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांची ही तबकडी 2010 मध्ये पुन्हा निघाली आणि चाहत्यांनी जाहीर करून टाकलं: अ‍ॅसिड हाउसचा (शिकागोत जन्मलेल्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा) शोध मुंबईत लागला! हे पटत नाही.

यंत्रं तीच आहेत, मान्य. रोलँड कंपनीचे टीबी-303 (बास सिंथेसायझर) आणि टीआर-808 (ड्रम मशीन), वर ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर. पण शिकागोच्या फ्यूचर या गटाने 1987 मध्ये 303 चे कटऑफ आणि रेझोनन्स हे आवाजाचा पोत बदलणारे खटके सुरावट चालू असतानाच फिरवले. तो चिरका, पिळलेला आवाज हाच अ‍ॅसिडचा प्राण. इथे 303 बहुतेक वेळ मुकाट्याने बासचं काम करतो. शिकागोवाल्यांनी ही तबकडी ऐकली होती, याचाही पुरावा नाही.

खरी करामत ज्युपिटरवर आहे. पोर्टामेंटोने, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या सोयीने, मींड बऱ्यापैकी जमते, म्हणून कलावती, मालकंस खुलतात. तोडीतल्या अतिकोमल गंधाराचं आंदोलन (सुराचं मंद हेलकावणं) मात्र नुसत्या पोर्टामेंटोने साधत नाही. तिथे राग सांगाड्यापुरताच उरतो. ठेकाही दहाही रागांत जवळपास तोच, त्यामुळे सलग ऐकताना कंटाळा येतो. (आलापाची अपेक्षा ठेवणाऱ्यांनी तर वाटेला जाऊच नये.)

फोनच्या स्पीकरवर 808 चा किक (खर्जातला ड्रमचा ठोका) निम्मा गायब होतो, हेडफोन लावा. सुरुवात मालकंसापासून करा.