२५ इंची स्नोशू, पाच महिन्यांनंतर: पाय किती रुतला तर चालतो?

स्नोशू, म्हणजे बर्फात चालताना बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी, घातले की बर्फावरून न रुतता चालता येतं, अशी माझी कल्पना होती. पाच महिन्यांत चाळीसेक दिवस चालल्यावर सांगते, पाय रुततोच. ताज्या कोरड्या बर्फात नुसत्या बुटांनी मांडीपर्यंत जाणारा पाय स्नोशूमुळे पोटरीच्या मध्यावर थांबतो, इतकंच. पण दिवसभराच्या चालीत हे ‘इतकंच’ फार मोठं असतं. मांडीपर्यंत गेलेला पाय प्रत्येक वेळी ओढून काढावा लागतो आणि शंभर पावलांत दम लागतो. पोटरीपर्यंत गेलेला पाय सरळ पुढे टाकता येतो. त्यामुळे निवड करताना ‘कुठला जोड रुतणार नाही?’ या प्रश्नाला अर्थ नाही. माझ्या वजनाला, मी जिथे चालते तिथल्या बर्फात, किती रुतलं तर चालेल, हे आधी ठरवायला हवं.

माझा पहिला जोड २२ इंची होता. माझं वजन ६४ किलो आणि जोडासोबतच्या मापांच्या तक्त्यात त्या मापापुढे साधारण ८० किलोंची मर्यादा लिहिलेली, म्हणून मी निर्धास्त होते. पण ती मर्यादा अंगावरच्या सगळ्या ओझ्यासह असते. हिवाळी कपडे आणि बूट मिळून चार-पाच किलो, पाण्यासकट पाठीवरची पिशवी अकरा किलो, म्हणजे मी पहिल्याच दिवशी ८० वर होते. शिवाय तक्त्यातले आकडे बसलेल्या, थोड्या ओलसर बर्फाला जास्त लागू पडतात. थंड, कोरड्या, रात्रीत पडलेल्या बर्फात तेच माप उणं पडतं. ताजा हलका बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो, वाऱ्याने दाबलेला ३५० किलोंच्याही वर जातो. दोघांनाही आपण बर्फच म्हणतो, पण पावलाखाली त्या दोन निराळ्या वस्तू आहेत.

हिशेब सोपा आहे. माझ्या बुटाचा तळवा सुमारे २५० चौरस सेंटिमीटर. एका पायावर ८० किलो आले की दर चौरस सेंटिमीटरला ०.३२ किलो दाब येतो. २२ इंची स्नोशूचं क्षेत्रफळ अंदाजे हजार चौरस सेंटिमीटर, म्हणजे दाब ०.०८, बुटाच्या चौथाई. आता वापरते तो २५ इंची जोड साधारण ११५० चौरस सेंटिमीटर भरतो, म्हणजे दाब ०.०७. नीट पाहिलं तर या दोन मापांत फारसा फरक नाही, आणि चालतानाही मला तो थोडाच जाणवला. खरा फरक पडला तो मागे जोडता येणाऱ्या शेपटांनी. पाच इंचांचं शेपूट लावलं की क्षेत्रफळ १३५० च्या पुढे जातं आणि दाब ०.०६ च्या खाली उतरतो. सगळ्या जोडांना शेपूट लागत नाही, मोजक्याच मॉडेलना ती सोय असते. माझ्या मते निम्म्याहून जास्त चालींना लहान जोड पुरत असेल आणि अधूनमधूनच खोल बर्फ लागत असेल, तर इतर गोष्टींआधी ही सोय आहे का ते पाहावं.

मग थेट ३० इंची का घेऊ नये? एका मैत्रिणीचा ३० इंची जोड मी दोन दिवस वापरला. मोकळ्या माळावर सुरेख चालला. झाडीत शिरल्यावर वळताना एका स्नोशूची कड दुसऱ्यावर पडू लागली आणि मळलेल्या वाटेवर तर नुसतं ओझं वाटलं. पाठीवरच्या ओझ्यापेक्षा पायातलं ओझं कितीतरी जास्त थकवतं, कारण ते दर पावलाला उचलावं लागतं. रुंदीचंही तसंच. रुंद जोडात पाय फाकवून चालावं लागतं आणि संध्याकाळपर्यंत खुब्यात कळ येते. स्त्रियांसाठी म्हणून विकले जाणारे जोड मागे निमुळते असतात. मला आधी ती केवळ विक्रीची युक्ती वाटली होती. तसं नाही, माझ्या आखूड पावलाला तो आकार खरोखर मानवतो.

माणसांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इटलीतल्या दक्षिण टायरॉलच्या डोंगरात २००३ साली बर्चच्या लाकडाचा एक स्नोशू सापडला, तो सुमारे ५,८०० वर्षांपूर्वीचा आहे. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी अ‍ॅश लाकडाची चौकट वाकवून त्यात कच्च्या चामड्याची जाळी विणली आणि मुलखागणिक आकार बदलला: दाट रानात अस्वलाच्या पंजासारखा गोल, आखूड; मोकळ्या खोल बर्फात लांब, अरुंद, पुढून वर वळलेला. जपानचा कान्जिकी तर साध्या कड्यासारखा असतो. ज्याचा बर्फ जसा, त्याचा स्नोशू तसा. आजचा धातूचा जोड यांच्या मानाने अगदी अलीकडचा. १९७०च्या दशकात अमेरिकेत जीन आणि बिल प्रेटर या भावांनी अ‍ॅल्युमिनियमची चौकट, त्यात ताणून बसवलेला पडदा, बूट अडकवायचं बिजागरीचं बाइंडिंग आणि खालचे दात असं रूप रुळवलं. दुकानात दिसणारे बहुतेक जोड त्याच वळणाचे.

आता त्या दातांविषयी. मी सगळ्यात कमी विचार याच गोष्टीचा केला होता आणि पाच महिन्यांत सगळ्यात जास्त कामाला हीच आली. क्षेत्रफळ फक्त मऊ बर्फात उपयोगी पडतं. उन्हाने वितळून रात्री गोठलेल्या कडक पापुद्र्यावर पाय रुतायचा प्रश्नच नसतो, तिथे घसरायचा प्रश्न असतो. गोल नळीची चौकट असलेल्या जोडात बहुधा चवड्याखाली आणि टाचेखालीच दात असतात. सरळ चढाला ते पुरतात. पण डोंगराची कूस आडवी कापत जायचं झालं की सगळा भार वरच्या बाजूच्या कडेवर येतो, ती नळी गुळगुळीत असते आणि पाऊल खाली सरकतं. माझा पहिला जोड असाच होता. जानेवारीत एका आडव्या उतारावर मी तीन-चार मीटर घसरत गेले, खाली सपाटी होती म्हणून निभावलं. दुसऱ्या जोडाची चौकट उभ्या पट्टीची आहे आणि पट्टीची खालची धारच करवतीसारखी कापलेली आहे. पाऊल कसंही पडलं तरी कुठली ना कुठली धार बर्फात शिरते. डोंगरात जाणाऱ्याने यावर तडजोड करू नये. सपाट माळावर किंवा गोठलेल्या तळ्यावर फिरणाऱ्याला मात्र याची गरज नाही, साधी नळी त्याला चालते.

बाइंडिंग दोन तऱ्हांनी बसवतात. एकात चवड्याखाली मोकळी बिजागरी असते. पाय उचलला की स्नोशूचं शेपूट, म्हणजे मागचं टोक, खाली लोंबतं, वर साचलेला बर्फ गळून पडतो आणि चढावर बुटाचं टोक बर्फात रोवता येतं. दुसऱ्यात ताणाचा पट्टा असतो, तो शेपूट पायाबरोबर वर खेचतो. त्याने चाल सहज होते, ओंडके ओलांडणं सोपं जातं, पण मागून बर्फ उडून पोटऱ्या ओल्या होतात. माझा जोड मोकळ्या बिजागरीचा आहे. उलटं चालायला गेलं की शेपूट बर्फात खुपसतं आणि माणूस मागे पडतो, म्हणून मागे जायचंच नाही, अर्धवर्तुळात वळायचं. ही सवय लागायला आठवडा गेला.

टाचेखाली उभी करायची कडी, म्हणजे हील लिफ्ट, मला आधी अनावश्यक वाटली होती. लांब चढावर ती वर केली की टाचेला टेकू मिळतो आणि पोटरीवरचा ताण उतरतो. तासाभराच्या उभ्या चढाला आता मी ती न विसरता वर करते. पोलच्या, म्हणजे चालताना हातात धरायच्या काठीच्या, टोकाने ती उचलता येते ना, एवढं घेताना पाहून घ्या. वाकून हाताने करावी लागणारी कडी थंडीत कोणी वापरत नाही.

तक्रारी दोन. माझ्या पहिल्या जोडाला दातेरी पट्टीचं बकल होतं. त्यात बर्फ शिरून गोठला की ना घट्ट होई ना सुटे. एकदा हातमोजे काढून फुंकर घालत दहा मिनिटं बसावं लागलं आणि बोटं बधिर झाली. आताचे रबरासारखे ताणून खुंटीत अडकवायचे पट्टे जाड हातमोज्यांनीही लागतात. दुकानात जोड बघताना स्वतःचे हातमोजे घालूनच तो लावून-काढून पाहा. दुसरी तक्रार सगळ्याच जोडांची आहे. दुपारच्या ओलसर बर्फात दातांमध्ये गोळा धरतो, तो वाढत जातो, मग दात बर्फाला लागतच नाहीत. पोलने चौकटीवर टोला मारला की गोळा पडतो. निघण्याआधी खालच्या बाजूला सिलिकॉनचा फवारा मारला तर थोडा वेळ निभतं, कायमचा उपाय मला सापडलेला नाही.

झीज म्हणाल तर पडद्यावर दोन ओरखडे आहेत, दगडांवरून चाललेल्या जागी दातांची धार थोडी बोथट झाली आहे, रिव्हेट सगळे शाबूत. प्रत्येक चालीनंतर मी पट्ट्यांची मुळं बोटाने चाचपते, कारण रबर तिथूनच चिरतं.

चालण्याचं तंत्र लवकर येतं. एक गोष्ट मात्र मला उशिरा उमगली. खोल बर्फात पाऊल टाकल्यावर पूर्ण भार देण्याआधी क्षणभर थांबावं. दाबलेले कण एकमेकांना चिकटतात आणि पावलाखालचा थर धरून राहतो. सकाळी पाडलेली वाट संध्याकाळी परतताना टणक लागते, तीही याच कारणाने. पोल घेतल्याशिवाय निघू नये आणि त्यांना टोकाजवळ रुंद बास्केट, म्हणजे चकती, असावी, नाहीतर पोल मुठीपर्यंत आत जातात.

एक गोष्ट कळकळीने सांगते. स्नोशूमुळे जिथे आधी जाता येत नव्हतं तिथे जाता येतं, आणि हिमकडे बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर कोसळतात. असा उतार वर दिसत असेल तर त्या दिवसाचा हिमकड्यांचा इशारा वाचल्याशिवाय त्याच्या खालूनही जाऊ नका. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा कळवणारं रेडिओ यंत्र), शोधकाठी आणि फावडं जवळ असून वापरता येत नसेल, तर त्याचा काही उपयोग नाही.

एप्रिलमधल्या शेवटच्या चालीला पहाटे पापुद्रा इतका कडक होता की शेपटं पिशवीत ठेवून निघाले. अकरा वाजता ऊन चढलं, पापुद्रा फुटू लागला आणि पाय गुडघ्यापर्यंत जाऊ लागले. एका खडकावर बसून शेपटं लावली. दोन मिनिटं लागली, आणि उरलेली वाट पोटरीभर बर्फातून झाली.