टोटल कमांडर घ्यावा की डबल कमांडर?

मावसभावाला लग्नाचे फोटो दोन डिस्कवर लावायचे आहेत, आणि तो फायली बघायच्या, कॉपी करायच्या, हलवायच्या या दोन प्रोग्रॅमांत (फाइल मॅनेजरांत) अडकलाय. दोन्हींत खिडक्या शेजारी-शेजारी: डावीकडून उजवीकडे एफ५ने कॉपी, एफ६ने हलवा. माउस लागतच नाही.

पैसे: टोटल कमांडर १९९३ पासूनचा. चाचणीची मुदत संपली तरी चालतो, पण उघडताना १, २ किंवा ३ दाबायला लावतो. परवाना एकदाच घ्यायचा, पुढच्या आवृत्त्या फुकट. डबल कमांडर मुळातच मोफत, मुक्तस्रोत (म्हणजे कोड सगळ्यांना खुला).

कुठे चालतो: इथेच खरा फरक. टोटल कमांडर डेस्कटॉपवर फक्त विंडोजचा. डबल कमांडर लिनक्स, मॅकवरही. टोटलचे बरेच प्लगइन (जादा सोयींचे जोड-प्रोग्रॅम) डबल विंडोजवर चालवतो; लिनक्सवर मात्र विंडोजचे प्लगइन तसेच्या तसे घ्यायचे नाहीत.

नावं बदलणं: दोन्हींत कंट्रोल-एम. चारशे फोटोंना ‘हळद_००१’पासून क्रमांक मिनिटभरात. बदल आधी दिसतो, म्हणून धीर येतो.

कामातली सफाई टोटलमध्ये जास्त जाणवते. दिसायला दोन्ही जुनाटच!

फक्त विंडोजवर दिवसभर फायलींत बुडालेल्यांनी टोटल विकत घ्यावा. घरी लिनक्स, ऑफिसात विंडोज असेल, किंवा मावसभावासारखं महिन्यातून दोनदाच काम असेल, तर डबल.