पाच मित्र, वीस हेवी मेटल अल्बम : सात महिन्यांनंतरचा अनुभव

१९७० ते १९९० या काळातील वीस हेवी मेटल अल्बम पुन्हा ऐकून त्यांची क्रमवारी लावण्याचा उद्योग आम्ही पाच मित्रांनी सात महिने केला. दर रविवारी एक अल्बम पहिल्या गाण्यापासून अखेरपर्यंत सलग ऐकायचा, मध्ये कोणी बोलायचे नाही आणि चर्चेपूर्वीच दहापैकी गुण चिठ्ठीवर लिहून टाकायचे, एवढेच नियम होते. ज्यांच्या गुणांत फार तफावत पडली ते आठ अल्बम आम्ही दुसऱ्यांदा ऐकले, आणि खरी उलथापालथ तिथेच झाली.

मेटॅलिका या बँडचा 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६) पहिला येणार हे आम्ही गृहीतच धरले होते. तो तिसरा आला. त्यातील 'ओरायन' या रचनेत बँडचा बासवादक क्लिफ बर्टनच्या बास गिटारला आजही तोड नाही, परंतु बाकीचे गुण आपण संगीताला देतो आहोत की कॉलेजच्या आठवणींना, हे ठरवणे अवघड झाले. बर्टनच्या मृत्यूनंतर आलेल्या '...अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये (१९८८) बास जवळजवळ ऐकूच येत नाही आणि लागोपाठच्या रविवारी ऐकताना ही उणीव फारच बोचली.

पहिला क्रमांक ब्लॅक सॅबथच्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'ने (१९७१) पटकावला. बर्मिंगहॅममधील कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावलेला त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी डावखुरा असल्याने तारा त्याच हाताने दाबत असे; तारा सैल असल्या की त्या दाबणे सोपे जाते. या अल्बममधील काही गाण्यांत त्याने तारा सैल करून गिटारची पट्टी दीड स्वर खाली उतरवली, आणि त्यातून आलेला जडपणा लहान स्पीकरवर निम्माही कळत नाही. स्लेयरचा जेमतेम २९ मिनिटांचा 'रेन इन ब्लड' (१९८६) दुसरा आला; एकाने प्रथम तीन गुण दिले होते, त्यानेच नंतर आठ दिले.

पद्धतीतील मोठा दोष उशिरा ध्यानात आला. मेगाडेथच्या 'रस्ट इन पीस'चे (१९९०) २००४ मध्ये नव्याने ध्वनिमिश्रण झाले आणि काही गाण्यांतील गायनही पुन्हा ध्वनिमुद्रित केले गेले. आमच्यापैकी दोघांनी घरी तीच आवृत्ती अनेकदा ऐकली होती, त्यामुळे मूळ आवृत्ती त्यांना चुकीची वाटत राहिली. त्या चिठ्ठ्या आम्ही रद्द केल्या असून तो अल्बम पुन्हा ऐकायचा आहे.